भोसरीवर उतरलेली उल्का

पृथ्वी वाचवायची तर ती गुरुवारी, एवढं आमचं पक्कं होतं. बाकीचे सहा दिवस उत्पादन असतं.

भोसरीत कारखान्यांची सुट्टी गुरुवारची. त्यामुळे आमच्या कंपनीचा फॅमिली डेही गुरुवारीच व्हायचा, मेंटेनन्सच्या उंच शेडमध्ये. मशीनं ताडपत्रीखाली झाकायची, तेलाच्या डागांवर सतरंज्या अंथरायच्या, कँटीनवाल्याने जिलेबी तळायची आणि साडेअकराला पडदा वर. नाटक माझं. लेखन माझं, दिग्दर्शन माझं आणि पडद्याआड धावाधाव करून घामाघूम होणंही माझंच. एरवी मी क्वालिटीत. तयार माल तपासून त्याला हिरवं लेबल लावणारा माणूस. पण वर्षातला एक गुरुवार मी स्वतःला फार मोठा कलावंत समजत असे आणि कुणी माझा गैरसमज दूर करत नसे.

आता ते बंद झालं. नाटकही आणि गैरसमजही. चाकणच्या रस्त्यावर एखाद्या ट्रकने हॉर्न दिला की बाकीचे लोक मागे बघतात. मी आधी वर बघतो. बायको विचारते, "वर काय आहे?" वर काही नसतं. तरी मी एकदा बघून घेतो.

तर त्या वर्षी मी थेट अंतराळालाच हात घातला. निगडीपासून दिघीपर्यंत पसरेल एवढी प्रचंड उल्का आपल्या शहराच्या दिशेने निघाली आहे. तिच्या पुढे परग्रहावरचा राजा तबकडीत बसून शरणागतीचा कागद घेऊन येतो, पण चाकण चौकात कंटेनरच्या मागे साडेतीन तास अडकतो आणि वैतागून परत जातो. ह्या प्रवेशाला दर तालमीत हशा पिकायचा. उल्का मात्र वरून येत असल्यामुळे तिला ट्रॅफिक लागत नाही. मग शहर वाचवायला चार महावीर उभे राहतात. वेल्डिंगवाला डोळ्यांतून ठिणग्या सोडतो. पेंट शॉपमधली एक मुलगी फवारा मारून अख्खं शहर अदृश्य करते. कँटीनच्या मावशी कढईचं झाकण ढाल म्हणून धरतात. आणि सगळं फसल्यावर येतो त्यांचा म्होरक्या, दोनशे टनी.

हे नाव मी शोधलेलं नाही. आमच्या प्रेस शॉपमध्ये दोनशे टनांची पॉवर प्रेस आहे, एका मजल्याच्या घराएवढी. ती एकदा खाली आली की सपाट पत्र्याचा गाडीचा भाग होतो, आणि पायाखालची फरशी हलते. बावीस वर्षं ती एकच माणूस चालवत होता. चिखलीच्या जुन्या गावठाणातला, मिशाळ, अघळपघळ माणूस. सगळी कंपनी त्यांना भाऊ म्हणायची, साहेबसुद्धा. डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, कुठे घासतेय हे ते नुसत्या आवाजावरून सांगायचे, अशी त्यांची ख्याती होती.

भूमिका सांगितली तेव्हा त्यांनी मला बारीक डोळे करून विचारलं, "उल्का म्हंजी वजन किती आसंल?"

"थर्माकोलची आहे, भाऊ."

"मंग त्याला दोनशे टन कशाला पायजेल? मावशीच उचलतील की!"

मावशी म्हणाल्या, "मी रोज एवढ्या लोकांचं जेवण उचलते. उल्का तुम्ही बघा."

तालमी कँटीनमध्ये सुरू झाल्या, जेवणाच्या सुट्टीत. भाऊ समोर तोंड करून असले की एक शब्द चुकायचे नाहीत. पाठमोरे असले की संपलं. मागून कुणी कितीही मोठ्याने संवाद म्हटला तरी हे आपले ताठ उभे, कंबरेवर हात, नजर क्षितिजावर. मला वाटलं, काय ठहराव आहे! मी दोनदा सगळ्यांसमोर तसं बोलूनही दाखवलं. मावशींनी मला बाजूला घेतलं. "नाटकवाले, कौतुक पुरे. एक ताट घ्या आणि त्यांच्या मागे टाका."

मी स्टीलचं ताट फरशीवर सोडलं. ते गरगर फिरत, ठणठणत, किती वेळ वाजत राहिलं. तीन टेबलांवरची माणसं दचकून वळली. भाऊ वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी पान उलटलं, समोरच्यांचे चेहरे बघितले आणि मग सावकाश मागे वळून विचारलं, "काय झालं रं?"

त्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर मी त्यांना चहाच्या टपरीवर नेलं आणि मुद्दाम समोर बसलो.

"किती वर्षं, भाऊ?"

ते माझ्या ओठांकडे बघत होते. हेही मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. "झाली की पाच."

"डाय कशी ओळखता मग?"

त्यांनी तळहात टपरीच्या लोखंडी खांबाला लावला. "आशी. हाताला कळतंय."

"घरी माहीत आहे?"

"न्हाई. कुणालाच न्हाई. आन् तुमी बी सांगायचं न्हाई. मला प्रेसवरनं काढत्याल. त्या प्रेसबिगर मी कोण हाय, सांगा बरं?"

मी शब्द दिला. नाटकवाला माणूस, शब्द द्यायला मला काय लागतं!

एवढी वर्षं हे लपलं कसं, असं कुणी विचारेल. प्रेस शॉपमध्ये मुळात कुणाला काही ऐकू येतच नाही. सगळ्यांच्या कानांत बोळे, वर धडाम धडाम. तिथली भाषा हातांची. मूठ वर केली की थांब. डोक्यावर तळवा ठेवला की साहेब येतायत. अंगठा ओठांशी नेला की चहा. आणि दोन्ही हात पुढे करून एकदम छातीशी ओढले की त्याचा अर्थ, जे काही करतोयस ते सोड आणि माझ्याकडे ये. ही शेवटची खूण शिकाऊ माणसाला पहिल्या दिवशी शिकवतात आणि ती दिसली की विचार करायचा नाही, पाय उचलायचा. अशा खात्यात एकाला खरोखरच ऐकू येत नाही हे कळायचं कसं?

एकदा कळण्याची वेळ आली होती. नाटकाच्या महिनाभर आधी कंपनीत पहिल्यांदाच कानांची तपासणी लागली. काचेच्या खोलीत बसवतात, कानांवर हेडफोन लावतात, आवाज आला की बटण दाबायचं. भाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. मी मात्र खुललो. यंत्रावर आवाज सुटला की एक बारीक लाल दिवा लागायचा. तो तपासनिसाच्या पाठीमागच्या बाकावरून दिसायचा. मी त्या बाकावर नंबर लावून बसलो. दिवा लागला की मी नाक खाजवायचं, काचेपलीकडे भाऊंनी बटण दाबायचं. नाकाला खाज आलेला माणूस ही माझ्या आयुष्यातली सर्वांत उत्तम भूमिका. भाऊंचे कान उत्कृष्ट ठरले. माझे त्यांच्यापेक्षा कमी निघाले! आम्ही टपरीवर गेलो आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. ते हसणं मला अजून ऐकू येतं. एवढं निर्मळ हसणं ऐकून अंगावर काटा यावा असं काही त्यात नव्हतं, पण आता येतो.

तालमीतली अडचण मी डोळ्यांवर भिस्त ठेवून सोडवली. उल्का वरून येणार ती भाऊंच्या मागून. मी डाव्या विंगेत उभा राहून लाल रुमाल हलवायचा. तो डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसला की भाऊंनी दोन पावलं पुढे टाकून बाजूला व्हायचं, गर्रकन वळायचं आणि हात वर करायचे. उल्का क्षणभर हवेत थांबून मग त्यांनी सोडलेल्या जागी टेकणार. तालमीत उल्का म्हणून आम्ही दोरीला बादली बांधली होती. बादली दर वेळी वेळेवर थांबली.

खरी उल्का बनवायचं काम फॅब्रिकेशन शॉपने मागून घेतलं. इथे माझं चुकलं. मी संहितेत स्पष्ट लिहिलं होतं, थर्माकोल. पण फॅब्रिकेशनवाल्यांना तकलादू वस्तू करताच येत नाही. तो त्यांच्या अब्रूचा प्रश्न असतो. त्यांनी आतून लोखंडी अँगलचा सांगाडा केला, त्यावर सळयांची जाळी ओढली, सगळे जोड नीट पक्के वेल्ड केले, गंज लागू नये म्हणून लाल प्रायमर मारला, आणि मग वरून थर्माकोल चिकटवून चंदेरी रंग दिला. "शंभर वर्षं काही होत नाही हिला," त्यांचा मुकादम छाती काढून म्हणाला. मी टेप लावून व्यास मोजला, खड्डे मोजले, रंग बघितला. वजन नाही बघितलं. थर्माकोलचं वजन कोण बघतो? मी हिरवं लेबल लावलं.

उल्का उतरवायची होती शेडच्या क्रेनने. क्रेन चालवणारे मामा बीडकडचे, नियमाने चालणारे, शांत. ते पडद्यामागे बटणांची पेटी हातात धरून उभे राहणार होते. मी त्यांना म्हटलं, "मामा, हॉर्न नको बरं का. मजा जाते."

"हॉर्नशिवाय म्या क्रेन खाली घेत नसतो, सर. तीनदा हॉर्न देणार, मग घेणार. हॉर्न दिला म्हंजे खालचा माणूस बाजूला झालाच."

मी म्हटलं, असू द्या. उल्केला हॉर्न, हेही गमतीचंच होईल.

गुरुवार उजाडला. शेड गच्च भरलं होतं. पुढे पोरं, मागे बायका, कडेने उभे साहेब. पडदा वर गेला आणि चाकण चौकाला टाळ्या पडल्या. मी हवेत होतो. शेवटच्या प्रवेशाआधी मी डाव्या विंगेत धावलो आणि बघतो तर विंग नाही! एचआरच्या मॅडमनी फोटो चांगले यावेत म्हणून मध्यंतरात तिथे फुग्यांची भलीमोठी कमान बांधली होती. मी पलीकडे होतो, रुमाल माझ्या हातात होता, आणि भाऊंच्या नि माझ्या मध्ये निळे-पांढरे फुगे.

भाऊ आले. निळा पोशाख, सोनेरी पट्टा, जुन्या पडद्याचा लाल शेला पाठीवर जमिनीपर्यंत. पोरांनी शिट्ट्या मारल्या. त्यांनी डावीकडे नजर टाकली. रुमाल नाही. म्हणजे उल्का अजून यायची आहे, असं त्यांनी धरलं, आणि तोवर वेळ काढायला पोरांशी बोलू लागले.

मागे पहिला हॉर्न झाला.

"काय रं पोरांनो, घाबरलात का?"

दुसरा. वर सांगाडा हलला आणि अँगल खणखणला. थर्माकोल खणखणत नाही. मला त्या एका आवाजात सगळं कळलं.

"काका, मागं! मागं बघा!" पोरं ओरडली.

"न्हाई घाबरलात ना? शाब्बास!"

तिसरा हॉर्न. पोरं उभी राहून किंचाळत होती, बोटं वर करून, आणि भाऊ हसत त्यांना हात हलवत होते. त्यांना वाटत होतं, जयजयकार चाललाय. मी "मामा, थांबवा!" म्हणून ओरडलो, पण स्पीकरवर युद्धाचं संगीत लागलेलं होतं, तेही मीच निवडलेलं. मी कमानीत घुसलो. फुगे फुटू लागले, दोऱ्या गळ्यात, पायात. मला फुग्यांच्या फटीतून एवढंच दिसत होतं: पाठमोरा आनंदी माणूस आणि त्याच्या डोक्यावर सावकाश, अगदी नियमात, उतरणारं लोखंड. मी रात्री-बेरात्री कशाला, दिवसाउजेडी बसमध्ये बसल्या बसल्याही हे बघतो. त्यात मी कधीही कमानीच्या पलीकडे पोचत नाही.

तेव्हा दुसऱ्या रांगेतून एक बाई उठल्या. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि एकदम छातीशी ओढले.

भाऊंनी विचार केला नाही. पाय उचलला आणि त्यांच्याकडे गेले. दोन पावलं. उल्का त्यांच्या मागे स्टेजवर बसली, फळ्या दबल्या, शेल्याचं टोक खाली सापडलं आणि भाऊ गळ्याला हिसका बसून जागीच थांबले. सगळं शेड टाळ्यांनी दणाणून गेलं. काय टायमिंग! साहेबसुद्धा उभे राहिले. भाऊंनी मान वळवून आपल्या मागे काय आलंय ते बघितलं, मग समोर बघितलं. त्या बाई अजून तशाच उभ्या होत्या, हात छातीशी. त्या वहिनी होत्या, भाऊंच्या पत्नी.

शेल्याची गाठ त्यांनीच स्टेजवर येऊन सोडली. भाऊ त्यांच्याकडे बघत नव्हते. जिलेबीच्या रांगेत मी वहिनींच्या शेजारी उभा राहिलो.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पाच वर्षं कुकरच्या शिट्ट्या मी त्यांना बोटांनी सांगते," त्या म्हणाल्या. "हे हातवारे त्यांनीच शिकवले, लग्नानंतर, गंमत म्हणून. तुम्हाला माहीत होतं?"

मी जिलेबी घेतली.

शुक्रवारी सेफ्टीच्या साहेबांनी मला फॉर्म दिला. अपघात झाला नाही पण होता होता राहिला, की आमच्याकडे एक फॉर्म भरतात. त्यात पाच वेळा 'का' विचारलेलं असतं. एका 'का'चं उत्तर लिहिलं की त्याच्यावर पुढचा 'का'. साधारणपणे लोक तिसऱ्या 'का'ला दमतात. सगळ्यात जवळून बघणारा मी, म्हणून फॉर्म माझ्याकडे.

मी प्रेस शॉपमधून जात होतो. भाऊ दोनशे टनीसमोर उभे होते. त्यांनी मला बघितलं, फॉर्म बघितला, आणि दोन्ही तळवे एकमेकांवर आपटल्यासारखे केले, आवाज न करता. टाळ्या. टाळ्यांमुळे हॉर्न ऐकू आला नाही, असं लिहा. मी अंगठा वर केला. त्यांनी मान हलवली आणि हसून बटण दाबलं.

टाळ्या नंतर पडल्या होत्या. हॉर्नच्या वेळी टाळ्या नव्हत्या. पण ते कुणाच्या लक्षात राहणार होतं?

मी तिथून निघालो असतो तर बरं झालं असतं. मी प्रेसला वळसा घालून मागच्या बाजूला गेलो. तिथे एक माणूस उभा असतो, तयार झालेला भाग ओढून काढणारा. त्याच्या आणि भाऊंच्या मध्ये प्रेसचं लोखंडी धूड. एकमेकांना दिसत नाहीत. म्हणून त्याच्या गळ्यात शिट्टी असते. काही अडकलं, हात आत गेला, तर शिट्टी. पुढच्या माणसाने थांबायचं. तो नुकताच लागलेला होता, नांदेडकडचा, दोन लहान पोरांचा बाप. शिट्टी नवी कोरी होती. भाग निघाला की तो कोपरापर्यंत हात आत घालत होता.

मी फॉर्म घरी नेला. शेला का सापडला? उल्का खाली आली म्हणून. भाऊ खाली का होते? बाजूला झाले नाहीत म्हणून. का? हॉर्न ऐकू आला नाही म्हणून. चौथ्या 'का'समोर मी बराच वेळ पेन धरून बसलो. मग लिहिलं, त्यांना ऐकू येत नाही. पाचवा 'का', हे आधी कळलं का नाही? लिहिलं, कारण कानांच्या तपासणीत मी त्यांना खुणा केल्या. उल्केचं वजन न तपासता लेबल लावलं तेही लिहिलं. त्याला जागा नव्हती, समासात लिहिलं.

सोमवारी दोनशे टनीवर दुसरा माणूस होता. भाऊंना टूल रूमच्या स्टोअरमध्ये बसवलं, जिथे इतकी शांतता असते की घड्याळ ऐकू येतं. कंपनीने त्यांना कानाचं चांगलं मशीन दिलं. मला लेखी ताकीद मिळाली, नाटक कायमचं बंद झालं. आणि हे सगळं एक खातं करत असताना दुसऱ्या खात्याने माझा फॉर्म महिन्याचा सर्वोत्तम ठरवला. गेटजवळच्या फलकावर माझा फोटो लागला, हातात बक्षिसाची स्टीलची बाटली, चेहऱ्यावर हसू. फोटोग्राफरने हसायला सांगितलं होतं आणि मला सांगितलं की येतं. तो फोटो महिनाभर होता. भाऊ त्याच गेटने यायचे.

नांदेडचा माणूस मला कधीमधी बसस्टॉपवर भेटतो. दोन्ही हातांनी नमस्कार करतो, ते हात मी नीट बघून घेतो. त्याला काही माहीत नाही.

मला आठवड्यातून एकदा तरी मोजमापाचं गेज परत करायला स्टोअरमध्ये जावं लागतं. भाऊ खिडकीकडे पाठ करून बसलेले असतात, ड्रिलची पाती डब्यात लावत. मी काउंटरवर थांबतो. बेल आहे, पण ती मी वाजवत नाही. "भाऊ," मी म्हणतो, साध्या आवाजात. मशीन असलेल्या माणसाला सहज ऐकू जाईल एवढ्या. पाती लावणारा हात थांबतो आणि कानामागे जातो. आवाज वाढवतात की बंद करतात, ते मला पाठीमागून दिसत नाही. मी गेज ठेवतो, वहीत सही करतो आणि आणखी थोडा वेळ उभा राहतो.